भट्टीचा पंखा बंद पडला तर

लोहाराचा भाता आपण पाहिलेला असतो, निदान वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला असतो. चामड्याची मोठी पिशवी. ती फुगवायची आणि दाबायची. दाबली की फूस करून वारा भट्टीत जाई. एकाने भाता हलवायचा, दुसऱ्याने लोखंड तापवून ऐरणीवर घ्यायचे. भात्यावर बहुधा घरची बाई नाहीतर पोर बसे. दिवसभर भाता ओढून खांदा भरून येई.

आता पुष्कळ भट्ट्यांवर भात्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे. त्याला आपण ब्लोअर म्हणतो. बटन दाबले की वारा सुरू, बटन बंद केले की वारा बंद. भात्यावरचे माणूस दुसऱ्या कामाला मोकळे झाले. लोहाराप्रमाणे हॉटेलवाल्यांनी आणि फरसाणवाल्यांनीही हा पंखा जवळ केला.

पण एक गोष्ट बदलली. भाता फाटला तर लोहार तो आपल्या हाताने शिवून घेई. विजेचा पंखा बंद पडला की त्याचे हातच थांबतात. मृग जवळ आलेला असतो. दारात शेतकरी फाळ, विळे, खुरपी घेऊन बसलेले असतात. भट्टी विझत चाललेली असते. मग घाई होते. कोणी पंख्यावर हातोडी मारतो. कोणी चालू पंख्यात काडी घालतो. कोणी फ्यूजमध्ये जाड तार बांधतो. पंखा दुरुस्त होत नाही तो नाहीच. उलट मोटार जळते, आणि कधी कधी माणूसही दगावतो.

खरे सांगायचे तर मोटार एकाएकी क्वचितच जाते. ती आधी कुरकुर करते, तापते, वास सोडते. ही लक्षणे ओळखायला शिकले तर बरेच बिघाड घरच्या घरी निघतात. उरलेले कोणाकडे न्यायचे तेही कळते. आणि कोठे हात लावायचा नाही, हे तर सर्वांत आधी कळते. या धड्यात तेच पाहू.

ब्लोअरच्या पोटात काय असते?

ब्लोअरचे घर शंखासारखे गोल असते. आत पात्यांचे एक चाक असते. चाकाला मोटार जोडलेली असते. मोटार चाकाला जोराने फिरवते. मग आतली हवा पात्यांबरोबर गरगरते आणि बाहेरच्या अंगाला फेकली जाते. गोफणीतून दगड सुटतो ना, तशीच. ती नळीतून भट्टीत जाते. तिची जागा भरायला बाजूच्या भोकातून नवी हवा आत येते. म्हणजे ब्लोअरला दोन वाटा झाल्या. एक हवा आत येण्याची, दुसरी बाहेर जाण्याची. दोन्ही मोकळ्या हव्यात.

आता मोटार पाहू. तिच्यात तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज गेली की लोहचुंबकाची शक्ती तयार होते. ती शक्ती मधल्या भागाला फिरवते. या तारेवर रोगणाचा एक थर असतो. तो कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही पातळ. थर शाबूत आहे तोवर वीज तारेच्या वाटेने सरळ जाते. थर जळाला की ती शेजारच्या तारेत उडी घेते. “मोटार जळाली” असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा हा थर जळालेला असतो.

विजेने एखादी वस्तू सारखी फिरवता येते, हे १८२१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने दाखवले. लोहचुंबकाभोवती त्याने विजेची तार फिरवून दाखवली. हा फॅरडे लोहाराचाच मुलगा बरं का! शाळा त्याला थोडीच मिळाली. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला. पुढे १८३१ साली लोहचुंबकापासून वीज काढण्याचे तत्त्वही त्याने शोधले. लोहाराच्या पोराने शोधलेली शक्ती आज लोहाराच्या भट्टीला वारा घालते आहे.

आपल्याकडच्या लहान ब्लोअरमध्ये दोन जातींच्या मोटारी आढळतात. पहिली कार्बनची मोटार. ती आकाराने लहान, आवाजाने मोठी. तिच्या दोन बाजूंना दोन टोपणे असतात. टोपणांच्या आत कार्बनचे दोन तुकडे असतात. ते मधल्या फिरत्या भागाला घासत राहतात आणि त्याला वीज पोचवतात. दुसरी कंडेन्सरची मोटार. ती वजनाला जड, आवाजाला शांत. तिच्याबरोबर एक लहान डबी असते. तोच कंडेन्सर. तुमच्या ब्लोअरची मोटार कोणत्या जातीची आहे, ते आधी ओळखून ठेवा. दोघींची दुखणी वेगळी असतात.

पहिला नियम: प्लग काढा

पंख्याला हात लावण्याआधी प्लग सॉकेटातून काढा. काढलेला प्लग आपल्या डोळ्यांसमोर ठेवा. म्हणजे तुम्ही काम करीत असताना दुसरे कोणी तो चुकून लावणार नाही.

कोणी म्हणेल, “बटन बंद केलं की झालं. प्लग कशाला काढायचा?”

का ते सांगतो. आपल्या घरात विजेच्या दोन तारा येतात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. फेजमध्ये धक्का देणारी वीज असते. बटन नेहमी फेजच्या तारेवर असले पाहिजे. पण काही ठिकाणी जोडणी चुकलेली असते. बटन न्यूट्रलवर लागलेले असते. मग बटन बंद केले तरी पंख्यापर्यंत वीज आलेलीच असते. पंखा थांबलेला दिसतो, म्हणून आपण हात घालतो, आणि झटका बसतो. बटन पाहून जोडणी बरोबर की चूक ते कळत नाही. प्लग काढला की ही शंकाच उरत नाही.

टेस्टरवरही फार विसंबू नका. टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे एवढे कळते. पण दिवा लागला नाही म्हणजे वीज नाहीच, असे धरून चालू नका. टेस्टर बिघडलेलाही असू शकतो.

मोठ्या ब्लोअरला प्लग नसतो, तीन फेजची जोडणी असते. तिथे मेन स्विच बंद करावा. पण आतले काम वायरमनवरच सोपवावे.

लक्षणांवरून रोग ओळखा

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही आधी लक्षण पाहू. बाहेरून सुरुवात करू आणि एकेक पायरी आत जाऊ. मोटार उघडणे ही शेवटची पायरी. पुष्कळ लोक पहिल्यांदा मोटारच उघडतात, आणि दोष निघतो प्लगमध्ये!

१. पंखा अगदी गप्प आहे. आवाज नाही, हालचाल नाही. अशा वेळी वीज मोटारीपर्यंत पोचतच नसावी. त्याच सॉकेटात एखादा चालू टेबलपंखा लावून पाहा. तोही चालला नाही, तर दोष सॉकेट, बटन, फ्यूज किंवा लाइनमध्ये आहे. टेबलपंखा चालला, तर दोष ब्लोअरकडे आहे. मग ब्लोअरचा प्लग बाहेर असतानाच त्याचा स्क्रू काढून आत पाहा. तार सुटली आहे का? जोड काळा पडला आहे का? मग वायर हाताने चाचपत जा. वायर बहुधा दोन ठिकाणी तुटते. जिथे ती प्लगमध्ये शिरते तिथे, आणि जिथे मोटारीत शिरते तिथे. तिथेच ती रोज वाकते. भट्टीशेजारी तिसरेही कारण असते. तापलेला लोखंडाचा तुकडा वायरवर पडतो आणि वरचे आवरण वितळते. अशी वायर चिकटपट्टी गुंडाळून वापरू नये. नवी घालावी.

वायर चांगली आहे आणि मोटार कार्बनची आहे, तर बाजूची टोपणे काढा. कार्बनचे तुकडे पेन्सिलीसारखे झिजतात. पार झिजले की मधल्या भागाला टेकत नाहीत, आणि मोटार गप्प होते. नवे कार्बन थोड्या पैशांत मिळतात. जुने बरोबर नेऊन त्याच मापाचे आणावेत. दोन्ही एकाच वेळी बदलावेत.

२. पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही. हे लक्षण कंडेन्सरच्या मोटारीचे. असे दिसले की ताबडतोब प्लग काढा. एक मिनिटही थांबू नका. अडकलेली मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. ती सगळी वीज उष्णता होऊन वेटोळ्यांत साठते. शिवाय मोटार थांबलेली म्हणून तिला थंड करणारा वाराही नसतो. लहान मोटारीच्या बाबतीत फ्यूजही बहुधा उडत नाही, कारण फ्यूजच्या मानाने ही वीज थोडीच असते. मोटार आतल्या आत जळत राहते आणि आपण म्हणतो, “वीज तर आहे, मग फिरत का नाही?”

प्लग काढल्यावर चाक हाताने फिरवून पाहा. जड फिरते का? मग पात्यांत काही अडकले असेल, नाहीतर बेरिंग धरले असेल. चाक हलके फिरते का? मग संशय कंडेन्सरवर.

एका लोहाराने वायरमनला असेच विचारले.

“मिस्त्री, पंखा नुसता गुणगुणतोय. काडीनं ढकलला की फिरायला लागतो. मग चालू द्यायला काय हरकत आहे?”

“काका, काडी निसटली आणि बोट गेलं, मग ऐरणीवर कोण उभं राहणार?”

“पण ढकलल्यावर फिरतो कसा, ते तरी सांगा.”

“काका, जातं आठवा. दोघी बायका समोरासमोर बसल्यात. एक जातं इकडं ओढते, दुसरी तिकडं ओढते. दोघींचा जोर सारखा. मग काय होईल?”

“जातं जागच्या जागी थरथरेल.”

“तसंच आहे हे. मुख्य वेटोळ्याचा जोर दोन्हीकडं सारखा असतो. म्हणून मोटार नुसती गुणगुणते. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्याला वीज वेगळ्या वेळेला देतो. मग एका बाजूचा जोर वाढतो आणि मोटार सुटते. तुम्ही काडीनं ढकललं म्हणजे कंडेन्सरचं काम तुम्ही केलंत. पण मोटार तशीच चालवली तर ती तापते. आज नाहीतर उद्या जळणार.”

वायरमनचे म्हणणे बरोबर होते. कंडेन्सर स्वस्त असतो. मोटार पुन्हा भरून घ्यायला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. मात्र कंडेन्सर बदलताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जुन्यावर जो आकडा लिहिला असेल तोच नव्यावर हवा. आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडी वीज साठून राहू शकते. त्याच्या टोकांना हात लावला तर झटका बसतो. म्हणून हे काम जाणकारानेच करावे.

३. पंखा फिरतो, पण वारा कमी येतो. येथे मोटारीला दोष देण्याआधी हवेच्या दोन्ही वाटा तपासा. हवा आत येण्याच्या जाळीवर धूळ, राख, कागद, चिंधी बसली आहे का? भट्टीच्या तोंडाशी नळीत जळालेला कीट साचला आहे का? नळीला कोठे चीर गेली आहे का? मग चाकाची पाती पाहा. पात्यांवर राखेचा आणि तेलकट धुराचा थर बसतो. त्याने वारा कमी होतो. प्लग काढून, कोरड्या ब्रशने पाती साफ करावीत. पाणी वापरू नये.

कार्बनच्या मोटारीत एक खूण सोपी आहे. वाट बंद झाली की मोटारीचा आवाज बारीक आणि उंच होतो. चाकाला फेकायला हवाच मिळत नाही. काम हलके होते, म्हणून ते जास्त जोरात फिरू लागते. म्हणजे आवाज चढला आणि वारा घटला, तर नळी तपासावी. आवाजही उतरला आणि वाराही घटला, तर विजेचा दाब, कार्बन आणि बेरिंग तपासावे.

मोठ्या ब्लोअरच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. तीन फेजच्या मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर ती उलटी फिरते. पण ब्लोअर उलटा फिरला तरी वारा त्याच तोंडातून येतो, फक्त कमी येतो. म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. नवी जोडणी केल्यावर वारा घटला, तर घरावर काढलेला बाण पाहावा. चाक बाणाच्या दिशेने फिरते का, ते वायरमनकडून तपासून घ्यावे.

४. पंखा खडखडतो किंवा किंचाळतो. एका लयीत खरखर येत असेल, तर पाते घराला घासत असेल, नाहीतर चाकाचा स्क्रू ढिला झाला असेल. सबंध ब्लोअर थरथरत असेल, तर पात्यांवर एकाच बाजूला घाण बसली असेल, किंवा एखादे पाते मोडले असेल. बारीक किंकाळी येत असेल, तर बेरिंग कोरडे पडले आहे. प्लग काढून दांडा हाताने वर-खाली हलवून पाहा. तो डुगडुगला तर बेरिंग किंवा बुश झिजले आहे. तसेच चालवले तर मधला भाग बाहेरच्या भागाला घासू लागतो, आणि चांगली मोटार वाया जाते.

तेलाविषयी एक सूचना. बुशाच्या मोटारीला तेलाचे छिद्र असेल तर त्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरे. खायचे तेल घालू नका. ते उष्णतेने चिकट होते आणि धूळ धरते. कार्बनवर आणि वेटोळ्यांवर तेल जाता कामा नये. बंद बेरिंगला तर बाहेरून तेल लागतच नाही. ते खराब झाले की बदलावे.

५. ठिणग्या दिसतात. कार्बनच्या मोटारीत बारीक निळ्या ठिणग्या थोड्याफार असतातच. त्यांना भिऊ नये. पण ठिणग्या मोठ्या झाल्या, आगीचे कडेच फिरताना दिसू लागले, तर पंखा बंद करावा. कार्बन झिजले असतील, त्यांची स्प्रिंग ढिली झाली असेल, किंवा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग काळा आणि खडबडीत झाला असेल. त्या पट्ट्या कारागीर बारीक काचकागदाने साफ करतो. त्यांना एमरी कागद लावू नये. त्याचा कण पट्ट्यांच्या फटीत राहिला तर वीज भलत्या वाटेने जाऊ शकते.

६. मोटार तापते, जळका वास येतो. मोटार थोडी गरम होणारच. पण नेहमीपेक्षा जास्त तापली, किंवा रोगण जळल्यासारखा उग्र वास आला, तर ताबडतोब थांबवा. वास येऊन गेल्यावरही मोटार काही दिवस चालते. म्हणून आपण फसतो. पण आतला थर करपलेला असतो.

उष्णतेविषयी इंजिनिअर लोकांचा एक ठोकताळा आहे. मोटारीला जेवढी उष्णता सोसते, त्याहून ती १० अंशांनी जास्त तापत राहिली, तर तारेवरच्या थराचे आयुष्य निम्मे होते. आणखी १० अंश चढले की निम्म्याचे निम्मे. म्हणजे जी मोटार आठ वर्षे चालायची, ती दोन वर्षांत जाते.

७. हात लावला की मुंग्या येतात, झटका बसतो. हे सर्वांत धोक्याचे लक्षण. “थोडासाच करंट मारतो, सवयीचं झालंय,” असे म्हणणारे लोक आपण पाहतो. आज पाय कोरडा आहे, पायात चप्पल आहे, म्हणून थोडक्यात निभावते. उद्या घामाने अंग भिजलेले असेल, जमीन ओली असेल, तेव्हा तोच झटका जीव घेईल. असा पंखा दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा लावायचाच नाही.

तिसरी पिन कशासाठी?

प्लगला तीन पिना असतात. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब अशासाठी, की प्लग लावताना तिचा जोड सर्वांत आधी व्हावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. मोटारीचे लोखंडी घर या पिनेला हिरव्या, नाहीतर हिरव्या-पिवळ्या तारेने जोडलेले असते. आतली फेजची तार चुकून घराला लागली, तर वीज या तारेने जमिनीत जाते. फ्यूज उडतो आणि आपण वाचतो. अर्थिंग नसेल, तर ती वीज घरावरच थांबते आणि आपल्या हाताची वाट पाहते.

तरीही काही लोक वरची पिन तोडून टाकतात. कारण काय, तर सॉकेट दोन भोकांचे आहे! काही लोक प्लगच काढून टाकतात आणि उघड्या तारा सॉकेटात खुपसून काड्यांनी घट्ट करतात. यात वाचतात फार तर थोडे रुपये. लोहार लोखंडात उभा असतो, लोखंड हातात धरतो, घामाने भिजलेला असतो. अर्थिंगची गरज त्याच्याइतकी कोणाला असणार?

फ्यूजचेही तसेच. फ्यूजची तार मुद्दाम बारीक असते. जास्त वीज वाहू लागली की ती वितळते आणि वाट बंद करते. ती पुन्हा पुन्हा उडते म्हणून आपण वायरमधली तांब्याची तार काढून तिथे बांधतो. म्हणजे राखणीचा कुत्रा भुंकतो म्हणून त्याचे तोंड बांधण्यासारखेच झाले. फ्यूज पुन्हा उडाला, तर तो काय सांगतो आहे ते पाहावे.

आता झटक्यापासून वाचवणारा आणखी एक स्विच मिळतो. कोणी त्याला ई.एल.सी.बी. म्हणतात, कोणी आर.सी.सी.बी. थोडी जरी वीज गळून जमिनीकडे जाऊ लागली, तर तो क्षणात लाइन बंद करतो. घरांसाठी आणि लहान कारखान्यांसाठी तो ३० मिलिअँपिअरचा घेतात. ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? १०० वॅटचा साधा दिवा जेवढी वीज घेतो, तिच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्याशा विजेवर तो तुटतो, कारण माणसाच्या छातीतून याहून जास्त वीज थोडा वेळही गेली तर हृदय बंद पडू शकते. भट्टीच्या लाइनवर हा स्विच जरूर बसवावा. पण तो बसवला म्हणून अर्थिंग काढू नये. दोन्ही हवेत.

कोणी विजेला चिकटलाच, तर त्याला हाताने ओढू नका. तुम्हीही चिकटाल. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर लोटा. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर दाब देत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

मोटार कशाने जळते?

तीन शत्रू मुख्य आहेत.

पहिला शत्रू धूळ. भट्टीजवळ नुसती राखच नसते. कानशीचा आणि ग्राइंडरचा लोखंडी कीसही असतो. त्यातून वीज वाहते. तो मोटारीत गेला की दोन तारा जोडल्या जाऊ शकतात. शिवाय धुळीचा थर मोटारीला गोधडीसारखा गुंडाळून टाकतो. आतली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून ब्लोअर ग्राइंडरपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच ठेवावा.

दुसरा शत्रू भट्टीची आच. ब्लोअर भट्टीला चिकटून ठेवू नये. मध्ये लोखंडी नळीचे पुरेसे अंतर असावे. पंखा थांबला की भट्टीतला गरम धूर नळीतून उलट पंख्याकडे येऊ शकतो. नळीला झडप असेल, तर पंखा बंद करताना तीही लावावी.

तिसरा शत्रू विजेचा कमी दाब. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. संध्याकाळी दिवे मंद होतात, तेव्हा हा दाब उतरलेला असतो. दाब पाऊणपट झाला, म्हणजे १७२ व्होल्टच्या आसपास आला, तर कंडेन्सरच्या मोटारीचा जोर किती राहतो? पाऊण नव्हे. तो निम्म्याच्या थोडासाच वर राहतो. मग मोटार रेंगाळते, जास्त वीज ओढते आणि तापते. दिवे फार मंद झाले की ब्लोअर बंद ठेवलेला बरा. वीज गेली तरी बटन बंद करून ठेवावे. नाहीतर वीज परत येते तेव्हा पंखा एकदम सुरू होतो, आणि त्या वेळी कोणाचा हात आत असेल ते सांगता येत नाही.

पाटी वाचा, चिठ्ठी लिहा

प्रत्येक मोटारीवर एक लहान पाटी असते. तिच्यावरची अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. पण ओळखायची अक्षरे थोडीच आहेत. ‘व्ही’ म्हणजे व्होल्ट. ‘ए’ म्हणजे अँपिअर. ‘डब्ल्यू’ म्हणजे वॅट. ‘आर.पी.एम.’ म्हणजे एका मिनिटाचे फेरे. या पाटीची नक्कल वहीत उतरवून ठेवावी. भट्टीच्या धुराने पाटी काळी पडते, मग वाचता येत नाही. दुकानदाराकडे सुटा भाग आणायला गेलात की हे आकडे उपयोगी पडतात.

वहीच्या त्याच पानावर तारखा लिहाव्यात. पाती कधी साफ केली, कार्बन कधी बदलले, बेरिंग कधी घातले. आणि एक सोपी परीक्षा महिन्यातून एकदा करावी. पंखा चालू असताना बटन बंद करा. तो पुरता थांबेपर्यंत मनात आकडे मोजा. तो आकडा लिहून ठेवा. आकडा महिन्यागणिक घटत गेला, तर समजावे की बेरिंग जड होऊ लागले आहे. मोटार जळण्याच्या आधीच ही खबर आपल्याला मिळते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

मोटार कारागिराकडे द्यायची वेळ आलीच, तर नुसते “बंद पडलाय, बघा” असे सांगू नका. बरोबर एक चिठ्ठी द्या. चिठ्ठी अशी असावी:

“कंडेन्सरची मोटार. सकाळी चांगली चालली. दुपारी गुणगुणू लागली, फिरली नाही. लगेच प्लग काढला. हाताने चाक हलके फिरते. जळका वास नाही.”

ही चिठ्ठी वाचून कारागिराला दोष चटकन सापडेल. आणि ज्याला नुसताच कंडेन्सर बदलायचा आहे, त्याला मोटार भरून घ्यायचा खर्च कोणी सांगणार नाही. मोटार परत घेताना एक गोष्ट जरूर विचारावी: “मेगर लावून पाहिलात का?” मेगर हे वेटोळी आणि बाहेरचे घर यांच्यामधला थर शाबूत आहे का, ते तपासण्याचे यंत्र आहे. त्याचा आकडा एक मेगओहमच्या खाली आला, तर ती मोटार घरी आणू नये.

भाता शिवायला सुई-दोरा लागत असे. विजेच्या पंख्याला वही-पेन्सिल लागते. तुम्हाला आता लिहिता-वाचता येते. तेव्हा आजच आपल्या ब्लोअरचा प्लग काढा, फडक्याने पाटी पुसा, आणि तिच्यावरचे आकडे वहीत उतरवून घ्या. वरची तिसरी पिन जागेवर आहे ना, तेही पाहून घ्या.